अट सरकारला, शिक्षा गावाला

मदत रोखली की राज्यकर्ते लोकशाहीच्या वाटेवर येतात, या समजाला केनियाचा मोठा आधार आहे. नोव्हेंबर १९९१मध्ये पॅरिसच्या बैठकीत देणगीदार देशांनी नवी मदत थांबवली आणि पुढच्याच महिन्यात अध्यक्ष मोई यांनी एकपक्षीय राजवटीची तरतूद रद्द केली. पण १९९२ आणि १९९७च्या निवडणुका मोईच जिंकले. सत्तांतराला २००२ उजाडलं. शिवाय बहुपक्षीय लोकशाहीची मागणी देणगीदारांनी जन्माला घातलेली नव्हती. वकील, धर्मगुरू आणि विरोधक जुलै १९९०पासूनच रस्त्यावर होते. मदतीच्या अटीने निवडणूक पदरात पडली, पण ती निर्भय आणि खरी करण्याचं काम देशातल्या लोकांनाच करावं लागलं.

हाच प्रयोग आपल्या देशातही चालतो. वित्त आयोगाचं अनुदान निवडून आलेल्या पंचायतींना मिळावं, अशी अट आहे. महाराष्ट्रात २०२२पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, तेव्हा त्यांच्या वाट्याचा निधी अडकला. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याला लागून असलेल्या गोंदिया आणि भंडाऱ्यात मात्र २०२१-२२च्या हिवाळ्यातच मतदान झालं होतं. पंधराव्या वित्त आयोगाने या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. म्हणजे निवडणूक लांबते राज्याच्या पातळीवर आणि नळयोजना रखडते गावात.

यावर कोणी म्हणेल, हा पैसा आपल्याच करांचा, परदेशी मदतीशी त्याची तुलना कशी? फरक आहेच, पण त्याने आक्षेप उलट धारदार होतो: हक्काचा पैसा दुसऱ्याच्या चुकीसाठी का अडावा? अट काढली तर निवडणुका आणखी लांबतील, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे, म्हणून अट ठेवावी; मात्र अडलेला निधी बुडू नये, निवडणूक होताच तो पूर्ण मिळावा आणि झळ दिरंगाई करणाऱ्या राज्य सरकारच्या स्वतःच्या वाट्याला लागावी. मध्य प्रदेशात पंचायतींची मुदत २०२०मध्ये संपली होती. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांच्या घटनात्मक मुदतीवर बोट ठेवलं आणि जून-जुलैमध्ये बालाघाटसह राज्यभर मतदान झालं. देणगीदाराची मर्जी उद्या बदलू शकते. पण कायद्यातली मुदत कोणताही नागरिक न्यायालयात मागू शकतो. लोकशाहीसाठी दबाव आणायचाच, तर तो या हक्काला बळ देणारा असावा.