धाप, स्टेरॉइडची गोळी आणि मागून येणारा ताप

महिनोन्‌महिने कोरडा खोकला, जिना चढताना धाप. आपल्याकडे अशा वेळी टीबीचेच नाव निघते. थुंकी तपासलीच पाहिजे. पण तपासणीत टीबी नसेल, तर आयएलडीचा विचार करावा लागतो. यात फुफ्फुसाची आतली जाळी सुजते आणि हळूहळू कडक होते.

भारतातील १,०८४ आयएलडी रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४७ टक्के रुग्णांना श्वासातून गेलेल्या बुरशी किंवा पक्ष्यांच्या विष्ठा-पिसांच्या धुळीसारख्या गोष्टींमुळे होणारा प्रकार होता आणि या गटातले जवळपास निम्मे एअर कूलरच्या संपर्कातले होते. वऱ्हाडात तर कूलर घरोघरी! म्हणून जुन्या ताट्या बदला, टाकी घासा, पाणी साचू देऊ नका. कबुतरे असतील तर रुग्णाला दूर ठेवा.

उपचारात बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. सूज उतरते, धाप कमी होते. पण शरीराची पहारेदारीही ढिली पडते. मग दबून बसलेला टीबी उठतो, न्यूमोसिस्टिस किंवा बुरशी फुफ्फुसात घर करते. २०२१ मध्ये कोरोनानंतर स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांतून काळी बुरशी कशी पसरली, ते आपण पाहिले. तिच्यावरचे ॲम्फोटेरिसिन-बी तेव्हा शेजारच्या वर्ध्यातही तयार होऊ लागले होते.

इथे डॉक्टरांचीही कसोटी लागते. जंतूसाठी स्टेरॉइड कमी करावे, तर मूळ आजार उसळतो. टीबीचे रिफाम्पिसिन स्टेरॉइडचा असर घटवते, म्हणून डोस नव्याने ठरवावा लागतो.

घरच्यांनी एवढे पाळावे:

– जास्त डोस महिनाभर चालणार असेल, तर टीबीची तपासणी आणि न्यूमोसिस्टिस टाळणारी कोट्रायमोक्साझोल गोळी याबद्दल विचारा.

– साखर तपासत राहा.

– ताप, वाढलेली धाप, थुंकीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्टेरॉइडमुळे ताप कमीही भासतो. चांदूर रेल्वेहून अमरावती आणि सेवाग्राम दोन्ही जवळ आहेत.

– गोळी मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका; शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे विसरलेले असते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर आणू नका.

रमजानमध्ये अब्बा-अम्मी ‘रोजा आहे’ म्हणून गोळी सोडतात. आधीच डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत दीननेच दिली आहे.