हात वर न करता!

मतदानाशिवाय, सगळ्यांच्या संमतीनं निर्णय? गडचिरोलीच्या जंगलातली गावं ते वर्षानुवर्षं करतायत.

तुमच्या सोसायटीची एजीएम आठवा. समोसे येईपर्यंत कोरम नाही आणि समोसे संपले की पार्किंगवरून जुंपते. शेवटी सेक्रेटरी वैतागून म्हणतात, ‘चला, हात वर करा.’ वीस विरुद्ध बारा. झाला निर्णय! ते बारा जण मात्र वर्षभर लिफ्टमध्ये तोंड फिरवून उभे.

आता गडचिरोलीला चला. धानोऱ्याजवळचं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव. इथल्या ग्रामसभेत मतदान होत नाही. एकाचाही विरोध असेल, तर विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं. फार स्लो वाटतं ना? पण याच पद्धतीनं या गावानं काय काय मिळवलंय बघा.

आधी अभ्यास, मग निर्णय

गावातले देवाजी तोफा ऐंशीच्या दशकातल्या धरणविरोधी आंदोलनात घडले. मोहन हिराबाई हिरालाल (२०२५ साली त्यांचं निधन झालं) गावाचे सोबती झाले. त्यातून उभा राहिला अभ्यास गट. इथे कायद्यापासून मधमाश्यांपर्यंत कशावरही चर्चा करायची, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं. अट एकच, इथे निर्णय घ्यायचा नाही. तो फक्त ग्रामसभेत, गावकऱ्यांनीच. गावाची घोषणाच आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार!’

वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा आणि वन खातं म्हणे, बांबू हे झाड आहे! गाव हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३ मध्ये तर गावकऱ्यांनी ग्रामदान कायद्याखाली आपापली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. असा निर्णय वीस विरुद्ध बारा मतांनी झाला असता का?

नव्वद गावं, एक बैठक

एकटं गाव व्यापाऱ्यापुढे कमीच पडतं. म्हणून कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभारली. प्रत्येक गावातून दोन बाया, दोन पुरुष. तेंदूपत्त्याचा लिलाव असो की खाणीला विरोध, आधी गावात बोलायचं, मग इथे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं तर हमखास पैसा देणारं तेंदूपत्ता तोडणंच सोडून दिलं. कारण? त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आगी लावल्या जातात. पैसा सोडण्याचा निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला, की तो पाळायला पहारेकरी लागत नाही.

आणि आपण?

गंमत म्हणजे मेंढ्याला जंगल मिळालं त्याच २००९ मध्ये महाराष्ट्रानं शहरांसाठीही कायद्यात ‘क्षेत्रसभा’ आणली. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. म्हणजे तुम्हीसुद्धा! कधी बोलावणं आलंय? ही सभा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. नगरसेवकाला एकदा विचारून तर बघा.

तोवर हे ट्राय करा

• चर्चेची मीटिंग वेगळी, निर्णयाची वेगळी ठेवा.
• वादाच्या विषयावर लगेच मतदान नको. ‘नाही’ म्हणणाऱ्याला आधी कारण विचारा.
• प्रत्येक घरातून एक बाई, एक पुरुष येऊ द्या.
• शेजारच्या चार सोसायट्यांना जोडून घ्या. टँकरवाला चार गेटांशी वेगवेगळा भाव करतो, एका टेबलाशी नाही.

समोसे मात्र चालू ठेवा!