सलाहुद्दीन रस्त्यावरचे पुस्तकांचे दुकान

पूर्व जेरुसलेममध्ये, जुन्या शहराच्या तटाबाहेर सलाहुद्दीन रस्ता आहे. तिथे मुना कुटुंबाने १९८४ साली ‘एज्युकेशनल बुकशॉप’ सुरू केले. २००९ मध्ये समोरच दुसरे दुकान निघाले. खाली इंग्रजी पुस्तके, वर कॉफीची बैठक. इथे लेखक येऊन आपल्या पुस्तकावर बोलतात, लोक प्रश्न विचारतात, चित्रपट दाखवले जातात. शेजारीपाजारी, पत्रकार, परदेशी वकिलातींतले अधिकारी, सारे एकत्र बसतात.

९ फेब्रुवारी २०२५ रोजी इस्रायली पोलिसांनी या दुकानांवर छापा घातला आणि पिशव्या भरभरून पुस्तके नेली. महमूद मुना आणि त्यांचा पुतण्या अहमद यांना अटक झाली. पोलिसांनी बोट दाखवलेल्या पुस्तकांत मुलांचे एक रंगभरणाचे पुस्तकही होते! दोन रात्री कोठडीत काढल्यावर दोघांना नजरकैदेत ठेवण्यात आले. मार्चमध्ये पुन्हा छापा पडला. पण दुकान चालू राहिले आणि लोक पुस्तके घ्यायला येत राहिले.

हे वाचून आम्हाला आपलीच लाज वाटली. तिथे पुस्तकासाठी माणसे कोठडीत जातात. आपल्याला अडवणारे कोणी नाही, तरी आपल्या मोहल्ल्यात लेखक शेवटचा कधी आला होता?

दुकान नसेल तर मदरशाची खोली चालेल. रविवारी असरनंतर एखाद्या लेखकाला किंवा लेखिकेला बोलवा. चहा ठेवा. आणि पहिल्या रांगेत आपल्या मुलींना बसवा. पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या.