उष्टावणानंतरचा आहार : भीती नको, दक्षता हवी

मूल सहा महिन्यांचे झाले, की घरोघरी उष्टावणाचा समारंभ होतो. बाळाचे औक्षण करून त्याच्या ओठांना खिरीचे बोट लावले जाते. ही प्रथा अगदी योग्य वेळी येते. परंतु अनेक घरांत समारंभ संपताच मूल पुन्हा केवळ दुधावर आणि पेजेच्या पाण्यावर राहते. अंडे उष्ण पडेल, मासळी सोसणार नाही, शेंगदाणे बाधतील, ही भीती त्यामागे असते.

सहा महिनेच का?

पहिले सहा महिने आईचे दूध हाच बाळाचा पूर्ण आहार होय. पाण्याचीही आवश्यकता नसते. त्यानंतर मात्र जन्मतः शरीरात साठलेले लोह संपत येते आणि केवळ दुधाने वाढीची गरज भागत नाही. म्हणून सहा महिने पूर्ण होताच पूरक आहार सुरू करावा आणि स्तनपान दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

प्रारंभी दोन-तीन चमचे मऊ भात, वरण किंवा नाचणीची खीर द्यावी. पेजेचे वरचे पाणी न पाजता त्यातील शिते कुस्करून द्यावीत. चमच्यावरून ओघळून न जाता त्यावर टिकेल, इतपत अन्न घट्ट असावे. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा व पुढे तीन-चार वेळा, हळूहळू प्रमाण वाढवत भरवावे.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय?

अन्नातील एखाद्या प्रथिनास शरीराची संरक्षण यंत्रणा शत्रू समजते, तेव्हा अ‍ॅलर्जी उद्भवते. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू, गहू, सोयाबीन, मासळी व कोळंबी हे पदार्थ त्यास बहुधा कारणीभूत ठरतात.

असे पदार्थ उशिरा द्यावेत, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली अंडी दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे व मासळी तीन वर्षांपर्यंत टाळण्याचा सल्ला अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या बालकांसाठी दिला होता. २००८ साली तो मागे घेण्यात आला. २०१५ साली लंडन येथील ६४० बालकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या बालकांना तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती. शेंगदाणे वर्ज्य केलेल्या गटात पाचव्या वर्षी शेकडा सुमारे १७ मुलांना, तर लहानपणापासून ते नियमित दिलेल्या गटात शेकडा सुमारे ३ मुलांनाच शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आढळली. सारांश, विलंबाने संरक्षण मिळत नाही. उलट धोका वाढू शकतो.

घ्यावयाची दक्षता

नवा पदार्थ एका वेळी एकच, अल्प प्रमाणात, मूल निरोगी असताना आणि दिवसा द्यावा. दोन तास लक्ष ठेवावे. दोन-तीन दिवसांनी दुसरा पदार्थ सुरू करावा व सोसलेला पदार्थ नियमित देत राहावे. अंडे पूर्ण शिजवावे, मासळीचे काटे काळजीपूर्वक काढावेत. अख्खे शेंगदाणे कदापि देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. बारीक कूट मऊ भातात कालवून द्यावे. एक वर्षापर्यंत मध देऊ नये. मीठ व साखर टाळावी. तीव्र इसब असलेल्या बालकाबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळे सुजणे, वारंवार उलट्या होणे ही अ‍ॅलर्जीची लक्षणे आहेत. ती दिसताच तो पदार्थ बंद करून डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेण्यास त्रास झाल्यास किंवा मूल निपचित पडल्यास दृष्ट काढण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अंगणवाडी सेविका, आरोग्य कर्मचारी व शिक्षक यांनी ही माहिती घरोघरी, विशेषतः आजी व सासूबाईंपर्यंत पोहोचवणे अगत्याचे आहे. बाळाच्या वाटीत काय पडावे, हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.