रिकाम्या खाटांचा अर्थ

महासाथीच्या टाळेबंदीचा विषय निघाला की त्या दिवसांतील स्वच्छ हवेची आठवण हटकून काढली जाते. २५ मार्च २०२० पासून देशभरची वाहतूक थांबली, असंख्य धुराडी थंडावली, आणि वाकण व खोपोली या दोन्ही वाटांनी पालीत बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या दिसेनाशा झाल्या. त्याच काळात हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांची संख्याही घटली. हवा शुद्ध झाली म्हणून हृदये सुधारली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह त्यामुळे अनेकांस होतो. हा निष्कर्ष सुखद खरा, पण अपुरा आहे.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १८७ रुग्णालयांची माहिती जमविली. १५ मार्च ते १५ जून २०२० या अवधीत तेथे झटक्याचे १६,४१४ रुग्ण आले. आदल्या वर्षी याच अवधीत ते २५,४१८ होते. एक तृतीयांशाहून मोठी ही घट केवळ निर्मळ हवेच्या पदरात टाकता येणार नाही. वाहन मिळत नव्हते, वाटेत पोलिसांचा अडसर होता, आणि रुग्णालयात गेल्यास साथीचा रोग जडेल ही धास्ती सर्वांत मोठी होती. छातीतील कळ पित्ताची समजून रात्र काढणाऱ्यांची गणना कोणत्या नोंदवहीत सापडणार? इटलीतील लोम्बार्डीच्या चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या चाळीस दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडण्याचे ३६२ प्रसंग नोंदले गेले; आदल्या वर्षी ते २२९ होते. या वाढीचा बराच भाग साथीच्या रोगाशी निगडित होता, सगळा नव्हे.

म्हणून हवेचा प्रश्न गौण ठरतो काय? मुळीच नाही. अडीच मायक्रॉनांहून बारीक धूलिकण श्वासावाटे फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात. त्यांच्यामुळे दाह वाढतो, रक्तवाहिन्या आकुंचतात व रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती बळावते. हे वैद्यकशास्त्राने टाळेबंदीपूर्वीच सिद्ध केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरविली. आपल्या देशाचे मानक ४० आहे. हे अंतर आपणांस अस्वस्थ करीत नसेल, तर स्वच्छ आकाशाच्या आठवणींना अर्थ काय?

१६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातील मंदिरे उघडली, पुढे पुन्हा मिटली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून पुनश्च उघडली. भाविक परतले, त्यांच्यावर चालणारे संसार सावरले, हे योग्यच झाले. परंतु गाड्यांसवे धूरही परतला. तो कमी व्हावा म्हणून लोकांचा रोजगार बंद ठेवावा, असे कोणी म्हणणार नाही. सुधागड तालुक्यासाठी आमचे मागणे साधे आहे: येथील हवेचे नियमित मापन व्हावे आणि त्याचे आकडे नागरिकांपुढे यावेत, प्रत्येक आरोग्य केंद्रात ईसीजीचे चालू यंत्र आणि ते वाचणारा जाणता माणूस असावा, रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध जवळ मिळावे, आणि घरी होणाऱ्या मृत्यूंची कारणासह नोंद व्हावी.

आम्हां नागरिकांचेही एक कर्तव्य आहे. छातीत दाटून आले, घाम फुटला, वेदना हाताकडे वा जबड्याकडे सरकली, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांक फिरवावा. मोठ्या रुग्णालयासाठी पनवेल वा नवी मुंबई गाठावी लागणाऱ्या गावाला दवडलेला एकेक तास महाग पडतो. रिकाम्या खाटांवरून आरोग्याचा अंदाज बांधणाऱ्या समाजाने आधी घरांच्या बंद दारांआड काय घडले, याची चौकशी केली पाहिजे.