ड्रेस्डेनमधला औरंगजेबाचा दरबार

जर्मनीत एल्ब नदीकाठी ड्रेस्डेनच्या राजवाड्यात एक जामदारखाना आहे, ‘ग्र्युनेस गेव्योल्ब’. कधीकाळी खांबांना दिलेल्या हिरव्या रंगावरून हे नाव पडलं. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग याने १७२३ पासून तो सजवला आणि पाहुण्यांना खुला केला.

तिथल्या एका कलाकृतीपुढे मराठी माणसाचे पाय अडतातच. छत्राखाली सिंहासनावर औरंगजेब बसलाय. वाढदिवसाचा दरबार भरलाय. पायऱ्यांपाशी सरदार लोटांगण घालतायत, मागून नजराणे घेऊन हत्ती, उंट, घोडे येतायत. सोन्याच्या १३२ चिमुकल्या आकृती, त्यांवर मीनाकाम आणि भोवती हजारो हिरे, माणकं, पाचू. वाकून पाहावं तेव्हा कळतं, बोटाएवढ्या माणसाच्या झग्यावरही नक्षी आहे!

हे काम योहान मेल्शिओर डिंगलिंगर आणि त्याच्या दोन भावांचं. हिंदुस्थान त्यांनी पाहिलाच नव्हता, आधार होता तो प्रवासवर्णनांचा. म्हणून या मुघल दरबारात चिनी आणि इजिप्शियन वळणाचं कामही मिसळलंय. मला ते खटकत नाही, उलट कारागिराच्या कल्पनेची धाव त्यातूनच दिसते.

ते दरबार घडवत होते १७०१ ते १७०८. नेमक्या त्याच वर्षांत खरा औरंगजेब सह्याद्रीतले गड घेण्यासाठी झिजत होता. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगडाहून परतताना त्याच्या फौजेची ओढ्यानाल्यांत दैना उडाली. १७०७ मध्ये अहमदनगरला तो वारला, तेव्हा ड्रेस्डेनमधला त्याचा वाढदिवस अजून पुरा व्हायचा होता.

कोणी मागणी केलेली नसताना पदरमोड करून एवढा डाव मांडायचा, ही डिंगलिंगरची छाती. राजाने किंमत मान्य केली ५८,४८५ थालर. त्याच दरबारात योहान हाइनरिश क्योलर हा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी जवाहिऱ्या होता. त्याची गंमत छोट्या कामात. संत ह्युबर्टसच्या आकृतीचं त्याचं रत्नजडित घड्याळ मुद्दाम शोधून पाहा. एकाच राजाची मर्जी राखायला दोघांनी किती वेगळ्या वाटा धरल्या, ते इथे नजरेत भरतं.

२५ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे चोर खिडकीचे गज कापून तळमजल्यावरच्या ऐतिहासिक दालनात शिरले. नेलेले बरेचसे दागिने २०२२ च्या डिसेंबरात परत मिळाले. औरंगजेबाचा दरबार मात्र वरच्या मजल्यावर, नव्या दालनात असतो. थेट तिथेच जा, आणि घाई करू नका.