नागीण : दुआ करा, पण औषधाला उशीर नको

आमच्या फुफींच्या बरगडीवर एका बाजूला आग होऊ लागली. दोन दिवसांनी पाणीदार पुळ्या उठल्या. नागीण! कुणी गेरू लावला, कुणी दम करून आणले. तिची दोन्ही तोंडे जुळली की माणूस दगावतो, या भीतीने घरात कुणाला झोप नव्हती. डॉक्टरांकडे गेलो ते आठवड्याने. पुळ्या सुकल्या, पण ठणका कित्येक महिने राहिला. म्हणून हे लिहीत आहोत.

नागीण हा हर्पीस घराण्यातील विषाणूचा आजार आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर तो जागा होतो आणि बहुधा एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात पसरतो. म्हणून पुळ्या एका बाजूलाच येतात. तोंडे जुळून मरण येते, हा निव्वळ गैरसमज आहे.

यावर असायक्लोव्हिर हे औषध आहे. विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या डीएनएच्या नकला काढतो. डीएनए म्हणजे तसबीहसारखी मण्यांची माळ समजा. हे औषध तिच्यातल्या एका मण्यासारखे दिसते, पण पुढचा मणी अडकवायला त्याला कडीच नसते. ते ओवले गेले की माळ तिथेच थांबते. विशेष म्हणजे या औषधाला कामाला लावणारे पहिले एन्झाइम विषाणूचेच असते. त्यामुळे निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. या औषधामागे ज्यांचे संशोधन होते, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

मात्र औषध नव्या नकला रोखते. झोपलेल्या विषाणूला हाकलत नाही. म्हणून पुळ्या उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू झालेले उत्तम. पुळ्या डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. पाणी भरपूर प्या.

असायक्लोव्हिरची गोळी नागिणीत सहसा दिवसातून पाच वेळा असते. रमजानमध्ये गोळ्या चुकवून रोजा ओढू नका. आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत अल्लाहनेच दिली आहे. दुआ जरूर मागा, पण पहिले तीन दिवस वाया घालवू नका.